मऊ फोटो आणि सुरम्याची सलाई

मित्रांनो, मी एक जुना, घडी होणारा कॅमेरा आहे. मिटलो की चष्म्याच्या घरासारखा चपटा दिसतो, आणि उघडलो की पाहुणे चार पावलं मागे सरकतात. निदान पूर्वी सरकायचे. आता माझं चामडं सोलून निघालं आहे आणि मी अकोल्याच्या ताजनापेठेत एका घरात, लोखंडी कपाटावर ठेवलेल्या बिस्किटांच्या डब्यात राहतो. डब्यात माझ्यासोबत एक पितळेची सुरम्याची सलाई आहे. कॅमेऱ्याचं आणि डोळ्यांत सुरमा घालायच्या सलाईचं काय नातं, असं तुम्ही विचाराल. ते नातं हीच माझी कहाणी आहे.

आधी माझी एक अडचण सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मी काढलेला फोटो लगेच, माझ्याच तोंडातून बाहेर येतो. दुकानात द्यायला नको, धुवायला नको. प्रत्येक फोटोच्या खालच्या कडेला खळीसारख्या औषधाची एक बारीक पिशवी असते. माझ्या पोटातले रूळ ती पिशवी फोडतात, खळ फोटोभर पसरवतात, आणि थोड्या वेळात चित्र वर येतं. पण हे सगळं करायला लागणारी वीज माझी स्वतःची नाही. ती फिल्मच्या पाकिटात असते. पाकीट संपलं की माझा डोळा मिटला. कान मात्र उघडे राहतात. कधीकधी वाटतं, तेही मिटले असते तर बरं झालं असतं.

माझा जन्म सातासमुद्रापार झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही, आणि न आठवणाऱ्या गोष्टी फुगवून सांगायची मला सवय नाही. एवढं खरं, की कुवेतच्या एका दुकानातून मला अब्दुल रहीम यांच्या मेव्हण्याने विकत घेतलं आणि सुट्टीवर येताना अकोल्याला आणलं. अब्दुल रहीम यांचं ताजनापेठेत अत्तराचं आणि सुरम्याचं दुकान होतं. त्यांनी मला दोन दिवस उलटसुलट करून पाहिलं आणि शेजारच्या स्टुडिओत नेऊन ठेवलं.

“देवमन, हे तुह्या कामाचं हाये. मी हातात धरलं तं मले फक्त माह्यं नाक दिसते.”

देवमन हा माझा मालक. उंच, किडकिडीत, बोलायला तुसडा. लग्नांचे, परीक्षेच्या फॉर्मांचे, शाळेच्या गटांचे फोटो काढून पोट भरायचा आणि त्या कामाला मनातून कंटाळलेला होता. त्याने मला उघडलं आणि पहिलाच फोटो रहीमभाईंचा काढला. फोटो बाहेर आला, चित्र उमटलं. रहीमभाई खूश होऊन तो हातात धरून बसले. त्यांच्या दुसऱ्या हातात दुकानातली सलाई होती. बोलता बोलता त्यांनी ती सहज फोटोवर टेकवली, दाढीवरून ओढली, आणि दाढीत एक पांढरी रेघ उठली.

“काय केलं हे? नासवला ना फोटो!” देवमन ओरडला.

“अरे, पण पाह्य तं खरं,” रहीमभाई म्हणाले. “आत मेण हाये मेण! वरून दाबलं की सरकते.”

मित्रांनो, त्या काळच्या माझ्या फिल्मचा हाच गुण होता. चित्र उमटल्यावरही ते काही तास आतून मऊ राहायचं. वरचं पातळ आवरण न फाडता कशाने तरी दाबलं, तर आतले रंग सरकायचे, वाकायचे, त्यांत रेघा उठायच्या. त्यासाठी टोक गुळगुळीत हवं. सुई चालत नाही, पेन चालत नाही. डोळ्यात फिरवली तरी दुखू नये अशी घासलेली सुरम्याची सलाई मात्र अशी चालली, जणू याच कामासाठी घडवलेली. रहीमभाईंनी तिथेच ती सलाई देवमनला देऊन टाकली.

त्या दिवसापासून देवमन बदलला. लग्नाचं काम तो दुसऱ्या कॅमेऱ्याने करायचा, पण मला गळ्यात अडकवून मोटारसायकलवर गावोगाव हिंडायचा. शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या बागेत त्याने फोटो काढला आणि सलाईने प्रत्येक झाडाची पानं अशी गोल फिरवली, की सगळी बाग वाऱ्यात गरगरते आहे असं वाटावं. अंजनगावला पानमळ्यातला गारवा त्याने हिरव्यात हिरवी रेघ ओढून दाखवला. आमच्या वऱ्हाडातलं ऊन लोकांना नकोसं वाटतं, पण देवमन त्यालाही कामाला लावायचा. फोटो बाहेर आला की तो उन्हाने तापलेल्या दगडी पायरीवर पालथा ठेवायचा. थोड्या उबेने फोटो आणखी मऊ व्हायचा आणि सलाई लोण्यातून फिरल्यासारखी फिरायची.

नांदगाव खंडेश्वरच्या पार्वताबाईंचा फोटो मी विसरणार नाही. म्हातारीच्या चेहऱ्यावर जितक्या सुरकुत्या होत्या, तितक्या देवमनने सलाईने आणखी ठसवल्या. फोटो पाहून ती म्हणाली, “देवानं देल्ल्या त्या काय कमी व्हत्या, तं तू वाढवून राह्यला?” पण जाताना तिने तो फोटो पदरात असा गुंडाळला, की कुणी मागितला असता तरी दिला नसता. अशा फोटोची दुसरी प्रत नसते, मित्रांनो. जो निघाला तो एकच. देवमन तो ज्याचा त्याला देऊन टाकायचा. लोक त्याची पाठ थोपटायचे, माझ्याकडे बोट दाखवायचे. मी तेव्हा फार ऐटीत होतो, हे कबूल करायला हरकत नाही.

फक्त एका माणसाचा फोटो मी काढला नव्हता. देवमनच्या बायकोचा, मनकर्णाबाईंचा.

तसे घरात त्यांचे फोटो होते. लग्नातला होता, रेशनकार्डावरचा होता. पण त्यांना ते नको होते. देवमन सलाई घेऊन बसला की कसा बसतो, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. खांदे वाकलेले, जीभ दातांत धरलेली, आणि समोरच्या माणसाकडे पुन्हा पुन्हा अशी नजर, जशी तो एरवी कुणाकडेच टाकत नसे. एक साडीचा काठ काढायला त्याला अर्धी दुपार लागायची. मनकर्णाबाईंकडे एक डाळिंबी साडी होती, रुंद जरीच्या काठाची. ती नेसून त्यांना त्याच्यासमोर अर्धी दुपार बसायचं होतं. बस, इतकंच.

“लोकायच्या बायकायचे काठ काढता,” त्या म्हणायच्या, “माह्या साडीले काय काठ नाई?”

“घरचीच हाये ना तू. कवाही काढू,” देवमन म्हणायचा.

फिल्म दुर्मीळ होती. रहीमभाईंचा मेव्हणा येईल तेव्हा यायची, किंवा मुंबईहून कुणाकडून तरी मागवावी लागायची. आलेली आधी बाहेरच्यांसाठी जायची. घरच्या माणसाला थांबायची सवय असते, आणि आपण ती सवय हक्काने वापरतो. मला त्या ‘कवाही’चा राग यायचा, पण माझं कोण ऐकतं?

मग एके दिवशी रहीमभाई दुकान उघडं टाकूनच स्टुडिओत आले. मेव्हण्याचा फोन आला होता. कंपनीने ती फिल्म बनवणं बंद केलं होतं. लोकांच्या हातात नवे कॅमेरे आले होते, ज्यांना फिल्म लागतच नाही. मोबाइलही फोटो काढू लागले होते. मऊ फोटो आता कुणाला हवा होता?

देवमन उठला. त्याने कपाट उघडलं. फिल्मचं एकच पाकीट शिल्लक होतं. ते हातात घेऊन तो स्वयंपाकघरात गेला आणि मनकर्णाबाईंना म्हणाला, “हे तुह्यं. लगीनसराई होऊ दे, मंग तुहाच फोटो काढतो. तवरोक फ्रिजमंधी ठेव. ठंडीत ठेवजो बरं, गर्मीनं खराब होते.”

मित्रांनो, त्याने एवढंच सांगितलं. अर्धीच गोष्ट सांगितली, आणि ती सांगून लग्नांच्या धावपळीत निघून गेला.

तो उन्हाळा जीवघेणा होता. अकोल्याच्या उन्हाळ्याबद्दल मी वेगळं काय सांगू! त्यात भारनियमन. दिवसातून कितीतरी तास लाइट नसायची. फ्रिज आतून कोमट व्हायचा, दूध नासून जायचं. मनकर्णाबाई येता जाता फ्रिजचं दार उघडून त्या पाकिटाला हात लावून पाहायच्या. ते त्यांना कोमट लागायचं. मी कपाटावर डोळा मिटून पडलेला होतो, पण त्यांच्या बांगड्यांचा आवाज मला कळायचा. शेवटी त्यांनी एक युक्ती केली. आपल्याकडे कुठलीही बाई करील तीच. लाइट गेली तरी बर्फ लगेच वितळत नाही. म्हणून त्यांनी पाकीट वरच्या बर्फाच्या खणात सरकवलं, आणि खाली-वर बर्फाचे ट्रे ठेवले. स्वतःच्या फोटोला त्यांनी जिवापाड जपलं.

लगीनसराई संपली. देवमन एका सकाळी घरी थांबला. मनकर्णाबाई डाळिंबी साडी नेसून आल्या. जरीची सळसळ मला ऐकू आली.

“पाकीट कुठी हाये वं?”

“बर्फाच्या खणात. तिथंच ठेवलं ना मी. लाइट गेली तरी ठंड राह्यते.”

देवमनने फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. मग तो हळूच म्हणाला, “बर्फात?”

“हो. तुमीच तं म्हणे, ठंडीत ठेवजो.”

त्याने पाकीट उन्हात न नेता आधी सावलीत ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग माझ्या पोटात सरकवलं आणि माझा डोळा उघडला. कपाळावर मोठं कुंकू, केसांना तेल, अशा मनकर्णाबाई समोर अगदी ताठ बसल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच माझ्या भिंगातून पाहत होतो. मला वाटलं, आजवर मी उगाचच बाहेर हिंडलो.

बटण दाबलं गेलं. माझे रूळ फिरले आणि मला पोटात कळलं, की काही पसरत नाही. पिशवीतली खळ बर्फाने मेली होती. ती ढेकळासारखी अडकली. बाहेर आलेल्या फोटोत वर एका कोपऱ्यात थोडे काळे केस दिसत होते, आणि बाकी सगळा तपकिरी चिखल. देवमनने दुसरा काढला. मग तिसरा. प्रत्येक वेळी मनकर्णाबाई पदर सारखा करायच्या आणि पुन्हा ताठ बसायच्या. मी माझा सगळा जोर लावला, मित्रांनो. पण शेवटचा फोटो बाहेर आला तोही चिखलच होता.

“माहा चेहराच येत नसन फोटोत,” त्या हसून म्हणाल्या.

“तुह्या चेहऱ्याचं काही नाई. पाकीट जुनं व्हतं.”

देवमन तुसडा होता, पण त्या दिवशी त्याने खरं कारण ओठांवर येऊ दिलं नाही. ते आलं रहीमभाईंच्या तोंडून. संध्याकाळी ते फोटो पाहायला आले, चिखल पाहिला, आणि जे मनात आलं ते बोलून बसले. “बर्फात ठेवलं व्हतं का वहिनी? अरे बाप्पा! त्यातली खळ जमून जाते ना.” मग जीभ चावली, पण शब्द बाहेर पडून गेले होते. मनकर्णाबाई उठून आत गेल्या. डाळिंबी साडीची घडी घालताना ती दोनदा चुकली, हे मी ऐकलं. त्यानंतर त्यांनी फोटोचं नाव काढलं नाही. देवमननेही काढलं नाही. दोघंही आपापल्या मनात स्वतःलाच दोष देत राहिले, आणि ते एकमेकांना सांगायचं राहून गेलं.

मला त्यांनी सलाईसोबत बिस्किटांच्या डब्यात ठेवलं.

मग पुष्कळ वर्षं गेली. स्टुडिओ बंद झाला, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. रहीमभाईंच्या दुकानात त्यांचा मुलगा परवेज बसतो. डब्यात पडल्या पडल्या मला सगळं ऐकू यायचं. एके दिवशी देवमनने चहाचा कप ठेवला तो टेबलाच्या बाहेर. कप फुटला. पुढे डॉक्टर झाले, थेंब झाले, नागपूरच्या खेपा झाल्या. काचबिंदू होता आणि उशीर झाला होता. आता त्याला उजेड कळतो, माणूस समोर आहे एवढं कळतं. चेहरा दिसत नाही. हे ऐकलं तेव्हा मला त्या पाकिटाची आठवण येऊन फार वाईट वाटलं. त्याचे डोळे धड होते तेव्हा फिल्म नव्हती, आणि ती होती तेव्हा ‘कवाही’ होतं.

गेल्या हिवाळ्यात कुणीतरी माझा डबा उघडला. देवमनची नात प्रणाली. ती अमरावतीला चित्रकला शिकते. तिने आजीला माझ्याबद्दल आणि सलाईबद्दल विचारलं, आजीने हळूहळू सगळं सांगितलं. महिन्याभराने ती पुन्हा आली ती धावतच.

“आबा, याची फिल्म निघते आता! बंद पडलेल्या कारखान्यातली मशीनं काही लोकांनी वाचवली म्हणे, आन् पुन्हा बनवून राहिले. मी मागवली.”

मित्रांनो, माझ्यासारख्या सोललेल्या डब्यासाठी जगात कुठेतरी माणसं खपत होती, हे ऐकून मला काय वाटलं ते मला सांगता येणार नाही. पण प्रणालीने एक गोष्ट तेव्हा आबांना सांगितली नाही. ती तिने आजीला स्वयंपाकघरात सांगितली. जुनी औषधं आता जगात कुठेच मिळत नाहीत. नव्या लोकांनी वेगळी औषधं वापरून फिल्म बनवली आहे. फोटो निघतो, पण तो पूर्वीसारखा मऊ राहत नाही.

मनकर्णाबाईंनी ट्रंकेतून डाळिंबी साडी काढली. दुपारी अंगणात खुर्ची मांडली. प्रणालीने देवमनचे हात धरून मला त्याच्या हातांत दिलं, आणि पाकीट सरकवताच माझा डोळा उघडला. मनकर्णाबाईंचे केस पांढरे झाले होते. त्या तशाच ताठ बसल्या. देवमनने अंदाजाने मला धरलं, प्रणालीने जरासं उजवीकडे वळवलं, आणि त्याने बटण दाबलं. नव्या फोटोवर लगेच उजेड पडू द्यायचा नसतो, म्हणून तिने तो छत्रीच्या काळ्या कापडाखाली झाकला.

बऱ्याच वेळाने चित्र आलं. फिकट होतं, पण त्या होत्या. साडी, काठ, कुंकू, सगळं होतं. माझा जीव भांड्यात पडला.

“मऊ असतानाच द्या इकडे,” देवमन म्हणाला. जुन्या सवयीने त्याने फोटो पायरीवर पालथा ठेवला, थोडा तापू दिला. मग मांडीवर पाटी घेतली, पाटीवर फोटो ठेवला, आणि सलाई मागितली. प्रणालीने आजीकडे पाहिलं. आजीने मानेने सांगितलं, दे.

त्याने डाव्या हाताच्या बोटांनी फोटोची कड चाचपली, अंदाज घेतला, आणि सलाई टेकवली. खांदे वाकले. जीभ दातांत गेली. तो मधूनमधून मान वर करून मनकर्णाबाईंच्या दिशेने पाहायचा, जणू दिसतंच आहे. सलाई साडीच्या काठावरून बारीक बारीक चालत होती. मी समोरच स्टुलावर उघडा होतो आणि मला स्वच्छ दिसत होतं. फोटोवर एकही रेघ उठत नव्हती. तो जसा आला तसाच गुळगुळीत होता.

“हे जरा कडक वाटून राह्यलं वं,” तो म्हणाला.

“हिवाळा हाये ना,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

पुन्हा सलाई चालली. ऊन पायरीवरून सरकलं. प्रणाली कापडाची घडी घालत उभी होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती.

“काठ आला काय?” देवमनने विचारलं.

मनकर्णाबाई खुर्ची पुढे ओढून वाकल्या. त्यांनी तो कोरा काठ नीट पाहिला.

“आला ना. पुरा आला. जरीवानी चमकून राह्यला. आता पदरावर कोयऱ्या काढा.”

आणि त्याने कोयऱ्या काढल्या. अर्धी दुपार तो काढत राहिला आणि त्या समोर बसून राहिल्या. प्रणाली आत निघून गेली. देवमनच्या बोटांना खरं कळलं नसेल, असं मला वाटत नाही. त्या बोटांनी उभा जन्म मऊ फोटो हाताळले होते. पण तो थांबला नाही, एवढं मी पाहिलं.

मित्रांनो, जुनी यंत्रं फेकू नका, असं मी सांगणारच होतो. म्हातारी माणसं सांगतात तसं. जपायला दिलेली वस्तू कशी जपायची ते पूर्ण सांगत जा, हेही सांगणार होतो. आणि घरच्या माणसाचा फोटो आधी काढा, बाहेरच्यांचा मग. पण खरं मागणं वेगळंच आहे. तुमच्यात कुणाला तरी रसायनशास्त्र आवडत असेल. प्रयोगशाळेत हात डागाळून घ्यायला आवडत असेल. ज्यांनी बंद कारखाना पुन्हा उघडला तीही तुमच्यासारखीच कधीतरी बाकावर बसणारी मुलं होती. त्यांनी अर्धं काम केलं आहे. उरलेलं तुम्ही करा. तसा मऊ फोटो पुन्हा बनवा, की ज्यात सुरम्याच्या सलाईने काठ उठेल.

पाकिटात अजून थोडी वीज आहे, म्हणून एवढं बोललो. तो फोटो आता भिंतीवर लावला आहे. देवमन रोज सकाळी त्यावरून बोट फिरवतो आणि मनकर्णाबाई चहा ओतता ओतता सांगतात, “हो, तिथंच हाये काठ.” शिका मुलांनो, पण जरा लवकर शिका. त्या माउलीचं तेवढं एक खोटं, त्या आहेत तोवर, खरं करून द्या.